रत्नागिरीत घर मिळणं इतकं अवघड का झालंय? बेघरपणा आणि न परवडणारी घरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी शहरात भाड्याची खोली शोधणारे, सामाईक घराच्या वादात अडकलेले आणि रात्री पाठ टेकायलाही जागा नसलेले, अशा लोकांना अर्ज लिहून देण्याचं, कचेऱ्यांत सोबत जाण्याचं काम मी गेली काही वर्षं करते. तलाठी कार्यालयाच्या बाकावर, बसस्टँडवर, अगदी नात्यातल्या लग्नातसुद्धा लोक मला तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं रत्नागिरीची असली, तरी चिपळूण, मालवण किंवा अलिबागला राहणाऱ्यांना ती अनोळखी वाटणार नाहीत.

कोकणात कुणी बेघर असतं का? प्रत्येकाचं गावाला घर असतंच ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून तोच आधी घेते.

एका पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, काजूगर सोलायच्या कामावर जाणाऱ्या. राजापूर तालुक्यात त्यांच्या सासरचं लांबलचक कौलारू घर आहे. जमिनीच्या सातबाऱ्यावर एकतीस नावं. त्यात त्यांच्या नवऱ्याचंही आहे, पण नवरा वारल्यावर वारस नोंद कुणी केली नाही. माजघराला मुंबईच्या मोठ्या दिरांचं कुलूप, ओटीलगतच्या खोलीला पुतण्याचं. यांच्या वाट्याला आलेली पडवी दोन पावसाळ्यांपूर्वी वाशांसकट खाली बसली. दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीत गेल्या, तर सहहिस्सेदारांच्या संमतीपत्राशिवाय काही होणार नाही म्हणून सांगितलं. मग शहरात भाड्याची खोली घेतली. गुडघे गेले, काम कमी झालं, भाडं थकलं. काही महिने भाचीच्या एका खोलीत काढले. त्यानंतर अकरा रात्री स्टँडवर.

त्यांना कुणीही विचारलं असतं, तर त्यांनी ‘आमचं राजापूरला घर आहे’ असंच सांगितलं असतं, आणि ते खरंही होतं. कागदावर नाव असणं आणि डोक्यावर छप्पर असणं यांत किती अंतर पडू शकतं, हे कोकणाबाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. पण कोकणातल्यांनीही ते नीट पाहिलेलं नाही, असं माझं मत आहे.

बेघर म्हणजे नेमकं कोण?

जनगणनेच्या व्याख्येत रस्त्याकडेला, फुटपाथवर, पुलाखाली, मोठ्या पाइपांत, देवळाच्या मंडपात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहणारी माणसं बेघर धरली जातात. २०११ च्या जनगणनेत देशभरात अशी सुमारे १७ लाख ७० हजार माणसं मोजली गेली. ही मोजणी एका रात्रीत होते. रात्री अकराला शटर पडल्यावर दुकानाच्या पायरीवर येणारा आणि पहाटे चारला उठून बंदरावर जाणारा माणूस त्या रात्री सापडेलच, असं नाही.

पण रस्त्यावर येणं ही शेवटची पायरी. त्याआधी माणूस बहिणीकडे राहतो, मित्राच्या खोलीत अंथरूण टाकतो, दुकानातच झोपतो. शहरी घरटंचाई मोजण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ साली देशाच्या शहरांत १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई दाखवली होती. त्यातला जवळपास ८० टक्के भाग हा दाटीचा होता, म्हणजे एका छपराखाली मावत नसतील इतकी माणसं राहत होती. पूर्णपणे बेघर असलेल्यांचा वाटा त्या टंचाईत फार लहान निघाला. आणि एकूण टंचाईतली ९६ टक्के घरं गरीब आणि अल्प उत्पन्न गटाला हवी होती. आपल्या शहरातली दाटीही अशीच चार भिंतींच्या आत दडलेली आहे. राजिवडा किंवा मिरकरवाडा या मच्छीमार वस्त्यांत रात्री दहानंतर कुणाच्या घरी जायची वेळ आली, की दारातच कळतं. पाय ठेवायला जागा शोधावी लागते.

रत्नागिरीत उघड्यावर झोपणारी माणसं कोण आहेत?

एकाच प्रकारची नाहीत. काम संपल्यावर गावी परत न गेलेले बांधकाम मजूर आहेत. मच्छीमारी नौकांवरचे खलाशी आहेत. त्यांच्यात नेपाळहून आलेले बरेच असतात. हंगामात त्यांचं घर म्हणजे ती नौकाच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बहुतेक जण घरी जातात, पण आजारी पडलेला किंवा हिशेब अडकलेला एखादा मागे राहतो. नवऱ्याने किंवा मुलांनी बाहेर काढलेल्या बायका आहेत. रेल्वेने कुठून तरी आलेले, स्वतःचं नाव-गाव सांगता न येणारे मनोरुग्ण आहेत. आणि म्हातारी माणसं आहेत. ती याच जिल्ह्यातली, आपल्याच बोलीत बोलणारी.

त्यांच्यातले बहुतेक जण काम करतात, हे मुद्दाम सांगते. कामाच्या पैशांत त्यांचं जेवण भागतं, खोलीचं डिपॉझिट भागत नाही.

जिल्ह्याची लोकसंख्या कमी होतेय म्हणतात. मग घरं महाग का?

२००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. सिंधुदुर्गातही त्याच दहा वर्षांत घट झाली. रत्नागिरी शहर मात्र सुमारे ७० हजारांवरून ७६ हजारांवर गेलं. याशिवाय कुवारबाव, नाचणे, मिरजोळे, शिरगाव, खेडशी या लगतच्या ग्रामपंचायती आहेत. तिथले लोक शहराच्या आकड्यात येत नाहीत, पण राहतात ते शहरासारखेच.

माणसं वाडीतून निघतात. काही मुंबईला जातात, काही जिल्ह्याच्या ठिकाणी येतात, कारण दवाखाना, कॉलेज, कोर्ट, नोकरी सगळं तिथेच. आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आलं, त्यामुळे खोल्या शोधणाऱ्या विद्यार्थ्यांची भर पडली. त्यातच कुटुंबं लहान झाली. पूर्वी एका घरात दहा माणसं राहत. आता त्याच दहा जणांना तीन घरं लागतात. गावाकडची रिकामी घरं शहराच्या उपयोगाची नाहीत, कारण तिथून सकाळी आठच्या ड्यूटीला पोहोचता येत नाही. शेवटची एसटी चुकली, तर परतही जाता येत नाही.

शहरात तरी इतके बंद फ्लॅट दिसतात. ते भाड्याने का देत नाहीत?

दिसतात, हे खरं आहे. २०११ साली देशातल्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी होती. साळवी स्टॉपकडून कुवारबावकडे जाताना संध्याकाळी सातला इमारतींकडे नजर टाका. पेटलेल्या खिडक्या मोजून होतात.

यातले काही फ्लॅट निवृत्तीनंतर येऊ म्हणून मुंबईच्या चाकरमान्यांनी घेऊन ठेवलेत. काहींत पैसा गुंतवलेला आहे. मालकांशी बोलताना मला जे कारण सर्वाधिक ऐकू येतं, ते भीतीचं: ‘भाडेकरू बसला की उठत नाही.’ ही भीती १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या दिवसांतली आहे. त्या काळात जुन्या भाडेकरूला खरोखरच हलवता येत नसे आणि भाडं गोठलेलं असे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा, नोंदणीकृत करार असेल आणि मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडून जागा परत मिळते. जागा न सोडल्यास दुप्पट भाड्याच्या दराने भरपाईही द्यावी लागते. म्हणजे कायदा बदलून दोन तपं उलटली, तरी भीती जिथल्या तिथे आहे.

दुसरं कारण लिहायला जड जातं, पण लिहिते. जात, धर्म, मासे खाणं, एकटी बाई असणं, हे सगळं विचारून नकार देणारे घरमालक आपल्याच ओळखीतले असतात. एका परिचारिकेसोबत मी एका आठवड्यात नऊ घरं पाहिली. पाच ठिकाणी आडनाव ऐकल्यावर खोली ‘कालच दिली गेली’ होती.

सामाईक घराचा प्रश्न सुटत का नाही?

याचं उत्तर लांबेल, कारण कोकणातल्या बेघरपणाचं मूळ मला इथे दिसतं.

आपल्याकडे घरं वाड्यावाड्यांत, शेतजमिनीतच उभी राहिली. पुष्कळ गावांत आखलेलं वेगळं गावठाण नाही. त्यामुळे घर एका कागदावर आणि घराखालची जमीन दुसऱ्याच कागदावर. लोक ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा घेऊन येतात आणि घर आमच्या नावावर आहे म्हणतात. तो उतारा घरपट्टी कुणी भरायची, एवढंच सांगतो. मालकी त्याने सिद्ध होत नाही.

त्याच्याही मागे खोतीचा इतिहास आहे. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा वतनदार. त्याची जमीन कसणाऱ्याने तिच्यावर घर बांधलं, पण जमीन खोताचीच राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती संपवणारा कायदा मात्र १९४९ साली झाला. त्याआधी दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांसाठीचा १९४८ चा कुळकायदा आला. पण ज्यांची नावं कुळ म्हणून कधी लागलीच नाहीत, त्यांची नातवंडं आजही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर राहतात. कुळाच्या राहत्या घराला आणि त्या जागेला कुळकायद्यात संरक्षण आहे, हे त्यांतल्या अनेकांना कुणी सांगितलेलंच नाही.

आणि मग मुंबई. गिरणीत गेलेल्या आजोबांनी हिस्सा सोडला नाही, वडिलांनीही सोडला नाही. तिसऱ्या पिढीत नावं तीसवर गेली. काही वारले, काहींचा पत्ता नाही, एक सुरतेला तर एक दुबईला. वाटप करायचं तर दोनच वाटा: सगळ्यांच्या संमतीने महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून, नाहीतर दिवाणी दावा. दाव्यात किती वर्षं जातात, हे रत्नागिरीच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. तोवर घराला हात लावता येत नाही. भिंतीचा चिरा (जांभा दगड) सुटतो, छपराच्या रिपा कुजतात, एका पावसात कौलं सरकतात, पुढच्या पावसात भिंत फुगते.

कुणी मुद्दाम वाईट वागतं म्हणून हे होतं, असं नाही. मुंबईला दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला गावातला तो हिस्सा म्हणजे स्वतःचं मूळ वाटतं. तो सोडवत नाही, हे मी समजू शकते. पण तो न सोडता, गावात राहणाऱ्या भावजयीला दुरुस्तीची संमती देता येते. त्यासाठी लागते एक सही.

करण्यासारखी एक गोष्ट आहे. गणपतीत सगळे हिस्सेदार एका ओटीवर बसलेले असतात. तेव्हा निदान वारस नोंदीचे अर्ज भरून घ्या आणि राहणाऱ्याला दुरुस्तीचं संमतीपत्र द्या. वाटपाचा विषय काढू नका, आरतीत भांडणं होतात. दुरुस्तीचा काढा.

साध्या पगारात फ्लॅट घेता येतो का?

हिशेब करून पाहू. समजा एक खोली-किचनचा फ्लॅट तीस लाखांचा आहे. सहा लाख हातचे घातले आणि चोवीस लाखांचं कर्ज वीस वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी काढलं, तर महिन्याचा हप्ता साधारण २१,६०० रुपये पडतो. वीस वर्षांत बँकेला जवळपास ५२ लाख जातात. घरासाठी उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खर्च होऊ नये असं धरलं, तर घरात महिन्याला ६५ हजार यायला हवेत. मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीचा खर्च आणि एप्रिल-मेमधला पाण्याचा टँकर यांत धरलेला नाही. आता दुकानातला सेल्समन, बालवाडीच्या ताई, कंत्राटी सफाई कामगार, एमआयडीसीतला हेल्पर यांचे पगार डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायको दोघं कमावत असली, तरी हा हप्ता त्यांना झेपणारा नाही.

बिल्डर लहान, स्वस्त घरं का बांधत नाहीत?

कारण जमीन महाग पडते. रत्नागिरीत सपाट, मोकळी, निर्वेध मालकीची जागा फार थोडी आहे. एका बाजूला समुद्र, दोन्हीकडे खाड्या, मध्ये डोंगरउतार आणि सडा, म्हणजे कातळाचं पठार. उतार कापायचा, भराव घालायचा, गडगे बांधायचे, तर पायाच महाग होतो. चिरा जवळ मिळतो. सिमेंट, सळई आणि वाळू मात्र वाहतुकीसकट येते. शिवाय सामाईक जमिनीचा तिढा सोडवायला जे पैसे आणि वर्षं जातात, तीही फ्लॅटच्या दरात चढतात. एवढं सगळं करून जो बांधतो, तो मुंबईच्या गिऱ्हाइकाकडे बघूनच बांधतो.

मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर प्रकल्प करताना काही भाग दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवावा लागतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ही अट दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांना आहे. आपल्यासारख्या नगरपरिषदांना ती नाहीच. हे बदलायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

मग शहराबाहेर दोन-तीन गुंठे घेऊन घर बांधलं तर?

सांभाळून. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रात घेणारा शेतकरी असावा लागतो. त्यातही १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. २०२३ च्या अधिसूचनेने आपल्या जिल्ह्यात जिरायतीला किमान २० आणि बागायतीला १० गुंठे ठरवले. बिनशेती न केलेले दोन गुंठे साध्या स्टँपपेपरवर ‘विकत’ घेणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर लागत नाही. पुढे कर्ज मिळत नाही, परवानगी मिळत नाही, आणि मूळ मालकाच्या मुलांनी वाद काढला की उभं घर अडचणीत येतं. पैसे देण्याआधी सातबारा, सगळे फेरफार आणि बिनशेती आदेश वकिलाला दाखवा.

नवी इमारत रेराची आहे की नाही, याने काय फरक पडतो?

रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी आणि घर घेणाऱ्यांचं संरक्षण यांसाठीचा कायदा. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर रेरा नोंदणी सक्तीची नाही. आपल्याकडच्या कितीतरी लहान इमारती यात बसतात. काम अडलं, तर ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय एवढेच पर्याय उरतात. आगाऊ रक्कम देताना हे लक्षात असू द्या.

पर्यटनामुळे घरं महाग झाली का?

मालवण, तारकर्ली, दापोली, गणपतीपुळे या पट्ट्यात पर्यटनाचा वाटा मोठा आहे. रत्नागिरी शहरात कमी, पण आहे. जी खोली वर्षभर भाडेकरूला देऊन मालकाला जेवढं मिळतं, तेवढं ती मे महिना, दिवाळी आणि नाताळात पाहुण्यांना देऊन मिळत असेल, तर मालकाला दोष कसा द्यायचा? त्यांच्याही घरात आंब्याचं पीक गेलेलं असतं.

२०१८ च्या मार्चमध्ये आम्हांलाही खोली सोडावी लागली. मालकांना तिथे पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या होत्या. माणसं चांगली होती, महिन्याची नोटीसही दिली. मुलीची परीक्षा चालू होती. आम्ही सामान तीन घरांत वाटून ठेवलं आणि जवळजवळ दोन महिने कुणाकुणाकडे काढले. तेव्हा माझ्याकडे पगार होता, नातेवाईक होते. ज्यांच्याकडे यातलं काहीच नसतं, त्यांची वाट स्टँडकडे कशी वळते, हे मला त्या दोन महिन्यांत समजलं.

न्याहारी-निवासाला प्रोत्साहन देताना गावात कायम राहणाऱ्या भाडेकरूंसाठी किती खोल्या उरल्या, हे स्थानिक संस्थांनी मोजायला हवं, एवढंच म्हणते.

परप्रांतीय मजुरांमुळे भाडी वाढली, हे खरं का?

नाही. विजापूरकडून चिरेखाणीवर आणि रस्त्याच्या कामावर येणारी कुटुंबं खाणीच्या कडेला पत्र्याच्या खोपटात राहतात. आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी गुरखे बागेतल्या मांगरात, म्हणजे झोपडीवजा खोपीत, राहतात. तुमच्या-आमच्याशी फ्लॅटसाठी स्पर्धा करण्याइतके पैसे त्यांना कुणी देत नाही. उलट, आपली घरं ज्यांनी बांधली त्यांच्या मुलांना पावसात कोरडी जागा नसते. ठेकेदाराने त्यांची राहण्याची सोय करावी असा कायदा आहे. काम देणाऱ्याने, म्हणजे आपण, ठेकेदाराला तेवढं विचारायला हवं.

कोळीवाड्यांतली घरं का वाढवता येत नाहीत?

किनाऱ्यावरच्या बांधकामावर १९९१ पासून सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, अधिसूचना आहे. ती २०११ आणि २०१९ साली नव्याने निघाली. भरती रेषेपासून ठरावीक अंतरात नवं बांधकाम बंद. समुद्र राखायला नियम हवाच. पण चार पिढ्या तिथे राहणाऱ्या कोळी, खारवी, दालदी कुटुंबांच्या घराखालच्या जागेची नोंदच अनेकदा धड नसते, त्यामुळे मच्छीमारांसाठी ठेवलेल्या सवलतीही हाताला लागत नाहीत. दोन भावांचे चार संसार त्याच दोन खोल्यांत होतात. आधी कोळीवाड्यांचं सीमांकन पूर्ण व्हायला हवं, बाकीचं त्यानंतर.

वादळ, पूर, दरडी यांनी किती फरक पडतो?

खूप. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने मंडणगड-दापोलीपासून श्रीवर्धनपर्यंत छपरं उडवली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं धरण फुटलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, आणि त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली.

मदत मिळते ती कागदावरच्या मालकाला. सामाईक घराचं छप्पर उडालं, तर पंचनाम्यात नाव कुणाचं लिहायचं इथपासून वाद सुरू होतो. चिपळूणला तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांची भांडी, गाद्या, शिलाई मशीन गेलं. पुढे वरच्या मजल्यांची भाडी वाढली, कारण सगळ्यांनाच वर जायचं होतं.

पंतप्रधान आवास योजनेतून घर मिळत नाही का?

मिळतं, अटीत बसलात तर. शहरी योजना २५ जून २०१५ ला सुरू झाली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळतात. पण त्यासाठी जागा आपल्या नावावर हवी, आणि कुटुंबात कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको.

आता त्या काजूवाल्या बाईंना या अटीत बसवून पाहा. शहरात जागा नाही, म्हणून अनुदान नाही. गावाला चिऱ्याच्या घरात कागदोपत्री हिस्सा आहे, म्हणून ‘घर आहे’. पडवी पडली आहे, हे कुठल्याही रकान्यात लिहिता येत नाही. अशा वेळी ग्रामसेवकाचा घर पडल्याचा दाखला आणि फोटो जोडून नगरपरिषदेकडे लेखी अर्ज करा आणि नकार आला, तर तोही लेखी मागा. तोंडी नकारावर पुढे अपील करता येत नाही.

आणि म्हाडा?

म्हाडाचं, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचं, कोकण मंडळ नावाने कोकणाचं असलं, तरी त्याच्या सोडतीतली बहुसंख्य घरं ठाणे, कल्याण, विरार, नवी मुंबईकडे असतात. जाहिरातीत रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गची योजना आहे का, ते दर वेळी पाहा.

माणसं दारूमुळे किंवा मानसिक आजारामुळे रस्त्यावर येतात, असं नाही का?

काही येतात. पण रस्त्यावर राहिल्याने आजार जडतो, असं मी अधिक वेळा पाहिलंय. रोज रात्री सामान चोरीला जायच्या धाकात झोपणारा माणूस महिनाभरात वेगळा दिसू लागतो.

राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. बऱ्या झालेल्या रुग्णाला नेण्यासाठी घरचे आले नाहीत, तर तो जाणार कुठे, हा प्रश्न इथे रोजचा आहे. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना उपचार करून घरी पोहोचवलं. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. असं काम आपल्या जिल्ह्यातही मोठ्या प्रमाणावर उभं राहायला हवं.

घरातून बाहेर काढलेल्या बाईने काय करावं?

कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मध्ये सामाईक घरात राहण्याचा हक्क बाईला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. १८१ वर फोन करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना वकील मोफत मिळतो. त्याचा क्रमांक १५१००. मुलांनी बाहेर काढलेल्या आईवडिलांना प्रांत अधिकाऱ्यांकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठी १४५६७.

भाडेकरार तोंडीच केला तर चालेल का?

चालवू नका. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

पत्ताच नसेल तर मतदान, रेशन?

मतदार यादीत नाव लावायला बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. नमुना ६ मध्ये तो झोपतो ती जागा लिहायची. मतदान केंद्र स्तरीय अधिकारी रात्री तिथे येऊन तो खरंच झोपतो का, ते पाहतो. कार्ड असेल, तर रेशनचं धान्य दुसऱ्या गावातल्या दुकानातही मिळतं. खलाशी आणि मजुरांना हे आवर्जून सांगा.

शहरात रात्र-निवारा असायला हवा का?

हवा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचं प्रमाण असं होतं, की एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांची कायमची सोय असावी आणि ती चोवीस तास उघडी असावी. आपल्या शहरासाठी म्हणजे सत्तर-पंचाहत्तर माणसांची. जागा स्टँड किंवा बंदरापासून चालत जाण्याइतकी जवळ हवी. गावाबाहेर बांधलेला निवारा ओस पडतो, कारण पहाटे कामावर जायचं असतं. बायकांसाठी वेगळा दरवाजा आणि सामानाला कुलूपबंद कपाट, या दोन गोष्टी नसतील, तर कुणी येणार नाही.

स्टँडवर कुणी झोपलेलं दिसलं, तर मी काय करू?

आधी बोला. नाव विचारा, जेवलात का विचारा. न विचारता फोटो काढू नका. लहान मूल असेल तर १०९८. माणूस भ्रमिष्ट वाटला आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, तर ११२ वर कळवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांत सरकारी रुग्णालयात नेणं आणि तो बेघर असेल, तर त्याच्या घरच्यांचा शोध घेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. पोलीस ठाण्यात हे कलम सांगायला संकोच करू नका.

त्या काजूवाल्या बाईंचं पुढे काय झालं?

वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर आता त्यांचं नाव आहे. शहरात एका ओळखीच्यांनी मागील दाराची खोली वर्षभरासाठी कमी भाड्याने दिली. पडवीच्या दुरुस्तीला सव्वीस सह्या मिळाल्या आहेत. चार जणांचे वारस शोधायचे आहेत, त्यांतले दोघे डोंबिवलीला असल्याचं कळलंय. गणपतीत सगळे येतील तेव्हा कागद घेऊन मी त्यांच्यासोबत राजापूरला जाणार आहे.